चाळीस फोटो आणि नाव एकाचंही नाही: सप्टेंबर-ऑक्टोबरातले वटवटे ओळखताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही पुण्याच्या कडेला राहता. सोसायटीत आंबा, कडुलिंब आणि जास्वंदीचं कुंपण आहे, मागे बाभळींची टेकडी आहे. गणपतीच्या सुमारास तिथे चिमणीहून लहान, हिरवट-तपकिरी पक्षी दिसायला लागले. तीन आठवड्यांत चाळीसेक फोटो काढून जाणत्यांना दाखवलेत, तर एकाच फोटोला कुणी ग्रीनिश म्हणालं, कुणी ह्यूम्स (दोन्ही वॉर्ब्लरच्या, म्हणजे वटवट्यांच्या जाती), कुणी नुसतंच वॉर्ब्लर. त्यातले तीन फोटो सोबत जोडून तुम्ही विचारलंय की, हे एकसारखे दिसणारे पक्षी वेगळे करायची एखादी हमखास खूण आहे का, की आता मोठी लेन्सच घ्यावी लागेल.

हमखास अशी एकच खूण नाही, आणि लेन्स तूर्त घेऊ नका. अडचण फोटोंच्या दर्जाची नाहीच. या पक्ष्यांची ओळख ज्या गोष्टींवरून पटते त्यातल्या निम्म्या फोटोत येतच नाहीत: आवाज, झाडाच्या कोणत्या थरात आहे, कसा हलतो, शेपटी वर उडवतो की खाली दाबतो. एक स्थिर फोटो पाहून नाव सांगणारा माणूस उरलेल्या निम्म्या खुणांवर अंदाज बांधत असतो, म्हणून चार जाणती माणसं चार नावं सांगतात. ती चुकीची माणसं नाहीत. त्यांच्या हातात पुरावा कमी आहे.

दुसरी अडचण शिकण्याच्या पद्धतीत आहे. पुस्तकात वॉर्ब्लरची पानं उघडली की पंधरा-वीस पक्षी एका ओळीत बसलेले दिसतात आणि आपण ते सगळे एकदम पाठ करायला जातो. प्रत्यक्षात पुण्याच्या आसपास बागेत आणि झाडांवर दिसणाऱ्या या हिवाळी पाहुण्यांपैकी बहुतेक दोनच जातींचे असतात: झुडपातला ब्लिथ्स रीड वॉर्ब्लर आणि झाडावरचा ग्रीनिश वॉर्ब्लर. हे दोन इतके ओळखीचे करा की न बघता कळावेत. मग बाकीचे ‘हा तो नाही’ असं म्हणत स्वतःहून वेगळे पडतात. माझं सगळं उत्तर या एका मुद्द्याभोवती आहे.

आधी, काय कशावर अवलंबून आहे ते स्पष्ट करतो. तुम्ही पुण्याऐवजी महाबळेश्वर, भीमाशंकर, आंबोली किंवा गोव्यात मोलेच्या जंगलात असता तर यादी बदलली असती. सह्याद्रीच्या दाट झाडीत वेस्टर्न क्राउन्ड, लार्ज-बिल्ड, टायटलर्स आणि ग्रीन वॉर्ब्लर यांचा विचार करावाच लागतो. पाणकणसांनी भरलेल्या तळ्याकाठी, नांदूर मधमेश्वरसारख्या जागी, पॅडीफील्ड, क्लॅमरस रीड आणि चिफचॅफ येतात. कोरड्या माळावर बूटेड, साइक्स आणि लेसर व्हाइटथ्रोट. महिनाही महत्त्वाचा. सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत इथे राहणारे आणि दक्षिणेकडे पुढे निघालेले असे दोन्ही पक्षी एकाच झाडावर असू शकतात. कोजागिरी उलटली की चित्र बरंच स्थिरावतं.

इंटरनेटवर शोधलंत तर शरद ऋतूतल्या वॉर्ब्लरवर जे भरभरून मिळतं ते बहुतेक अमेरिकेतलं असतं. ते वाचून गोंधळ वाढतो. त्यांचे वॉर्ब्लर वेगळ्याच कुळातले. वसंतात नरांवर ठळक रंग असतात आणि शरदात ते जातात. ब्लॅकपोल आणि बे-ब्रेस्टेड हे दोघे मे महिन्यात लांबूनही वेगळे कळतात, सप्टेंबरात मात्र दोघेही हिरवट-पिवळट होऊन बसतात. आपल्या वटवट्यांना मुळात तो रंगच नसतो. ते बारा महिने जवळजवळ असेच दिसतात, त्यामुळे ‘पिसारा बदलला म्हणून ओळखता येत नाही’ ही तक्रार इथे लागू नाही. आपली कसोटी बांधा आणि आवाज यांची आहे.

पाहुण्यांकडे वळण्याआधी घरचे पक्षी वगळा. नवशिक्यांच्या न ओळखलेल्या वॉर्ब्लरपैकी बरेच इथेच संपतात. शिंपी: माथा तांबूस, शेपूट उभी, चोच लांब. राखी वटवट्या: शेपूट लांब आणि सतत वरखाली. शिंजीर मादी: पोट पिवळट, पण चोच बाकदार. चष्मेवाला थव्याने येतो आणि डोळ्याभोवतीचं पांढरं कडं लपत नाही. सगळ्यात जास्त फसवते ती सुभग मादी: हिरवट-पिवळी, पंखावर दोन पांढऱ्या पट्ट्या, पानांतच वावर. पण ती वॉर्ब्लरपेक्षा भरीव असते, चोच जाड असते आणि हालचाल सावकाश असते. वॉर्ब्लरला स्वस्थ बसणं माहीत नाही.

आता ब्लिथ्स रीड. नावात ‘रीड’ असला तरी इथे त्याचा बोरूशी फार संबंध नाही. जास्वंद, मेंदी, घाणेरी, करवंदाची जाळी, आंब्याच्या खालच्या फांद्या, अशा गचपणात तो असतो. लांबी १२ ते १३ सेंटिमीटर. पाठ एकसारखी मातकट-ऑलिव्ह, पोट मळकट पांढरं, पंखावर पट्टी अजिबात नाही. भुवई (डोळ्यावरची फिकी रेघ) चोचीपासून डोळ्यापर्यंत दिसते आणि डोळ्यामागे विरून जाते. चोच लांब, कपाळ उतरतं, त्यामुळे डोकं निमुळतं दिसतं. बसताना पुष्कळदा डोकं आणि शेपूट दोन्ही जरा वर धरतो, तेव्हा अंगाला केळ्यासारखा बाक येतो. हा बाक एकदा नजरेत बसला की पाठमोरा पक्षीही कळतो.

त्याचा आवाज म्हणजे ‘चॅक’. जीभ टाळूला लावून सोडल्यावर होतो तसा, कोरडा, एकेकटा. एक चॅक, मग दोन-तीन सेकंद शांतता, पुन्हा चॅक. सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी झुडपात शिरताना हा आवाज हमखास येतो. दहा वेळा चॅक ऐकू आलं तर पक्षी एकदा दिसेल, असंच प्रमाण धरून चाला. म्हणून हा पक्षी डोळ्यांनी शोधू नये, कानांनी शोधावा. बाकी सगळी तपासणी तो ‘चॅक’ कुठून आला त्या झुडपासमोर उभं राहून करायची.

ग्रीनिश याच्या अगदी उलट. तो वर असतो: आंबा, कडुलिंब, शिरीष, रेन ट्री, उंबर यांच्या पानांत. ब्लिथ्सपेक्षा लहान, १० ते ११ सेंटिमीटर, वजन ८ ग्रॅमच्या आसपास. पाठ राखट हिरवी, पोट फिकं. भुवई लांब आणि ठळक, डोळ्यामागे बरीच पुढे गेलेली. तिच्याखाली डोळ्यातून जाणारी गडद रेघ. पंखावर एक बारीक फिकी पट्टी, कधी वरती दुसरीची नुसती चाहूल. खालची चोच फिकी, नारिंगी-गुलाबीकडे झुकणारी. तुम्ही झाडाखाली उभे असता, त्यामुळे ही खालची चोच तुम्हाला पट्टीपेक्षा चांगली दिसते. पुस्तकं पट्टीवर भर देतात. मी आधी खालची चोच बघायला सांगतो. ग्रीनिशचा आवाज दोन तुकड्यांचा: ‘चि-स्ली’, ‘चि-स्ली’, थोडा धोबी पक्ष्यासारखा, चढा आणि ताजा. पानांतून पानांत उड्या मारताना तो मधूनमधून बोलत राहतो.

सप्टेंबरात तो इतका का बोलतो, याला कारण आहे. ग्रीनिश वॉर्ब्लर हिवाळ्यातही आपापला इलाखा राखतात. आल्या आल्या दोन-तीन झाडांचा तुकडा ताब्यात घेऊन दुसऱ्या ग्रीनिशला तिथून हुसकावतात, आणि ‘चि-स्ली’ ही त्याचीच आरोळी असते. तुमच्यासाठी याचा अर्थ फार उपयोगी आहे. इलाखा धरलेला पक्षी उद्याही तिथेच असणार, आणि जानेवारीतही. आज ओळख पटली नाही म्हणून काही हातातून निसटलं नाही. एकाच झाडावरचा एकच पक्षी दहा सकाळी बघा, त्यातून जे शिकाल ते दहा ठिकाणचे दहा पक्षी एकेकदा बघून मिळत नाही.

हे दोन पक्के झाले की बाकीचे फरकावरून येतात. झाडावर, पण खालची चोच गडद? मग ह्यूम्स मनात आणा. तो ग्रीनिशपेक्षाही लहान, चोच आणि पाय दोन्ही काळपट, पंखावर खालची पट्टी रुंद आणि वरची पुसट. शेवटचा पुरावा म्हणजे पंख मिटल्यावर पाठीलगत जी तीन मोठी पिसं वर येतात, त्यांच्या कडा ह्यूम्समध्ये फिक्या असतात, ग्रीनिशमध्ये ती एकरंगी असतात. तुमच्या फोटोत ही पिसं आली असतील तर वाद तिथेच मिटतो. पुण्याकडे ह्यूम्स ग्रीनिशपेक्षा खूप कमी, हेही ध्यानात असू द्या.

माथ्याच्या मधोमध फिकी रेघ दिसली तर वेस्टर्न क्राउन्ड. तो पश्चिम हिमालयातून सह्याद्रीत येतो, घाटमाथ्यावरच्या मिश्र थव्यांत उंच फिरतो, आणि ग्रीनिशपेक्षा थोडा मोठा व राखट दिसतो. मात्र ही रेघ खालून दिसत नाही. पक्षी पुढे झुकेपर्यंत थांबावं लागतं. पट्टी मुळीच नाही, चोच लांब, सडपातळ आणि गडद, शेपूट आखूड, आणि जागा सह्याद्रीची झाडी: टायटलर्स. हा काश्मीर आणि पश्चिम हिमालयात वीण करून पश्चिम घाटात येतो आणि त्याला संकटाच्या उंबरठ्यावरची जात मानतात, म्हणून त्याची नोंद करताना पुरावा नेहमीपेक्षा दुप्पट हवा. लार्ज-बिल्ड दिसायला जाड चोचीचा, काळपट ग्रीनिश, पण मी तो नुसत्या रूपावरून लिहीत नाही. त्याची दोन सुरांची हाक, दुसरा सूर पहिल्याहून वर चढलेला, ऐकू आली तरच नाव. ग्रीन वॉर्ब्लरचंही तेच. गळा आणि गाल पिवळे दिसले तर संशय घ्यायला हरकत नाही, पण ग्रीनिशची दोन तुकड्यांची हाक त्याच्यात तीन तुकड्यांची होते, आणि निर्णय तिथे होतो.

झाडावर नाही, दगडावर आहे? टेकडीच्या कातळावर, दगडी भिंतीवर किंवा बाभळीच्या खोडावर सरपटल्यासारखा फिरणारा, पट्टी नसलेला, पोट मळकट पिवळं आणि भुवई चोचीजवळ गडद पिवळी: सल्फर-बेलीड. त्याच्या वागण्यावरूनच तो निम्मा ओळखू येतो. तळ्याकाठी, पाय आणि चोच काळीभोर, अंग तपकिरी-राखट, शेपूट सतत खाली दाबणारा, आणि आवाज हरवलेल्या कोंबडीच्या पिल्लासारखा एकसुरी ‘पीप’: चिफचॅफ.

झुडपातल्या गटात ब्लिथ्सशी गल्लत होते ती पॅडीफील्डची. त्याची भुवई डोळ्यामागेही ठळक जाते आणि तिच्यावर गडद काठ असतो. चोच आखूड, शेपूट लांबट, कंबर तांबूस, वावर भातखाचरं आणि पाणकणसांत. इथे शरदातला एक खास सापळा आहे. याच वर्षी जन्मलेले ब्लिथ्स ताज्या पिसांत येतात आणि त्यांच्या पंखावर ऊबदार तपकिरी छटा असते. प्रौढ मात्र वीण हंगामातली झिजलेली पिसं घालून येतात आणि ती इथे आल्यावर बदलतात, म्हणून ते फिके आणि राखट दिसतात. एकाच कुंपणात एक तांबूस आणि एक राखट ब्लिथ्स असे दोन दिसले की माणूस दोन जाती लिहून मोकळा होतो. छटा सोडा, भुवई बघा.

झिजेचा नियम पंखपट्टीलाही लागतो. पट्टी म्हणजे पिसांची फिकी टोकं, आणि टोकं आधी झिजतात. पट्टी स्पष्ट दिसली तर तो पुरावा आहे. पट्टी नाही हा पुरावा नाही, फार तर संशय. ‘पट्टी नाही, म्हणजे टायटलर्स’ अशी नोंद पुण्याच्या बागेतून आली की मी आधी विचारतो, खालची चोच कशी होती आणि आवाज काय होता.

आता बूटेड आणि साइक्स. ही जोडी सगळ्यात कठीण, आणि गंमत म्हणजे सगळ्यात आपली. कर्नल विल्यम हेन्री साइक्स या ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्याने १८३२ साली दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली, त्यात साइक्स वॉर्ब्लरचं पहिलं वर्णन आहे. त्याने दिलेलं ‘रामा’ हे नाव जातीच्या शास्त्रीय नावात अजून आहे. मधला बराच काळ हा पक्षी आणि बूटेड एकच जात मानले जात. दोघेही फिके, वाळूच्या रंगाचे, पंखपट्टी नसलेले, बाभूळ-हिवराच्या माळावरचे. यांना आधी ब्लिथ्सपासून वेगळं करायचं, आणि त्याची जागा शेपटीखाली आहे. शेपटीच्या मुळाशी खालच्या बाजूने जी पिसं असतात ती ब्लिथ्समध्ये लांब, शेपटीच्या बऱ्याच खालपर्यंत आलेली, आणि शेपूट टोकाला गोलसर. बूटेड-साइक्समध्ये ती आखूड, शेपूट जवळजवळ चौकोनी आणि कडेच्या पिसांना फिकी किनार. झाडाखालून काढलेल्या फोटोत पक्ष्याचा बाकी काही भाग येवो न येवो, हा भाग नेमका येतो. लोक असे फोटो टाकून देतात. टाकू नका.

मग दोघांत फरक. साइक्सची चोच लांब आणि खालची चोच टोकापर्यंत फिकी, शेपूट लांब, भुवई पुसट, वावर बाभळीच्या शेंड्यांत. बूटेडची चोच आखूड आणि खालच्या चोचीच्या टोकाला काळसर डाग, भुवई डोळ्यामागे थोडी गेलेली, वावर खाली, कधी जमिनीवरसुद्धा. चोचीची लांबी, खालच्या चोचीचं टोक, भुवई आणि वावर या चारांपैकी तीन खुणा एका बाजूला पडल्या तर नाव लिहा. दोन-दोन पडल्या तर ‘बूटेड किंवा साइक्स’ असं लिहा. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर असा जोड पर्याय दिलेलाच आहे, आणि तो वापरणं हे नोंद अर्धवट असल्याचं लक्षण नाही. चुकीचं नाव यादीत गेलं की ते काढायला फार कष्ट पडतात. जोडनाव कधीही सुधारता येतं.

बघण्याचा क्रम मी असा ठेवतो. दुर्बीण उचलण्याआधी जागा: कोणतं झाड, कोणता थर. मग अर्धा मिनिट नुसती हालचाल. तेवढ्यात आवाज आला तर तो लगेच वहीत, आपल्याला ऐकू आला तसा, मराठीत. मग दुर्बीण, आणि तिच्यातून पहिली नजर चोचीवर, त्यातही खालच्या बाजूवर. मग भुवई डोळ्यामागे किती जाते. मग पंख, मग शेपटीखाली. पायांचा रंग दिसला तर ठीक. पाठीचा-पोटाचा रंग सगळ्यात शेवटी. रंग शेवटी का, हे आंब्याखाली उभं राहून तपासता येतं: पानांतून गाळून आलेला उजेड पांढऱ्या पोटाला हिरवट-पिवळं करतो, आणि तोच पक्षी शेजारच्या वाळक्या फांदीवर गेला की राखट होतो. हा बदल एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला की रंगावरचा भरवसा आपोआप कमी होतो. दुर्बीण ८×४२ पुरेशी आहे. १० पटीची घेतली तर इतक्या चपळ पक्ष्याला पकडायला आणि हात स्थिर ठेवायला जड जातं.

फोटो जरूर काढा, पण नाव शोधण्यासाठी काढताय हे डोक्यात ठेवून. एक सुंदर फोटो नको, वेगवेगळ्या बाजूंचे सहा ओबडधोबड चालतील: चोच बाजूने, चोच खालून, मिटलेला पंख, शेपटीखालचा भाग, डोकं समोरून, आणि पक्षी झाडात कुठे होता ते दाखवणारा एक लांबचा. शटर १/१००० किंवा त्याहून वेगवान. मागे आकाश असेल तर एक्सपोजर +०.७ ते +१, नाहीतर भुवई आणि चोच काळ्या सावलीत जातात. व्हाइट बॅलन्स ऑटोवर न ठेवता एकाच सेटिंगवर पक्का ठेवा. ऑटोवर कॅमेरा प्रत्येक फोटोत रंग आपल्या मनाने ‘सुधारतो’ आणि दोन फोटोंची तुलना करता येत नाही. एडिट करताना रंग वाढवू नका. ग्रीनिशचा ग्रीन करायला सॅच्युरेशनची एक पट्टी पुरते.

लेन्सचे पैसे वाचले ते कानांवर खर्च करा, म्हणजे खरं तर काहीच खर्च नाही. साध्या मोबाइलवर रेकॉर्डिंग होतं. शक्यतो डब्ल्यूएव्ही स्वरूपात. हाक सुरू असताना एक-दोन मिनिटं हलू नका, बोलू नका, मोबाइल पक्ष्याच्या दिशेने धरा, आणि संपल्यावर जागा, वेळ आणि झाड तोंडी सांगून त्याच फाइलमध्ये जोडा. घरी झेनो-कॅन्टो या पक्ष्यांच्या आवाजांच्या ऑनलाइन संग्रहातल्या रेकॉर्डिंगशी ताडून बघा. तिथे ‘गाणं’ नव्हे, ‘हाक’ असं लिहिलेली रेकॉर्डिंगं निवडा, कारण शरदात आपल्याला ऐकू येते ती हाकच. मर्लिनसारखं ॲप नाव सुचवतं, ती सूचना समजा, निकाल समजू नका. आणि एक कळकळीची विनंती: पक्षी बाहेर यावा म्हणून मोबाइलवर त्याची हाक वाजवू नका. हजारो किलोमीटर उडून आलेला ८ ग्रॅमचा जीव नुकताच इलाखा जमवत असतो. त्या हाकेला तो प्रतिस्पर्धी समजतो आणि खाण्याचा वेळ भांडण शोधण्यात घालवतो.

आवाजावर इतका भर का, याचं एक मोठं कारण ग्रीनिशमध्येच आहे. तिबेटच्या पठाराला वळसा घालून या जातीच्या लोकसंख्या पसरलेल्या आहेत आणि सैबेरियात त्या साखळीची दोन टोकं एकमेकांना भेटतात. दिसायला त्यांच्यात फरक थोडासाच, पण गाणी इतकी बदललेली की एका टोकाचे पक्षी दुसऱ्या टोकाच्या गाण्याला आपलं मानत नाहीत. पक्षी स्वतः जिथे आवाजावरून ठरवतात तिथे आपण पंखपट्टीवरून ठरवायचा हट्ट का धरावा?

कानांचेही सापळे आहेत, तेवढे सांगून ठेवतो. लेसर व्हाइटथ्रोटचा ‘टेक’ ब्लिथ्सच्या ‘चॅक’सारखा वाटतो, पण तो बाभळीत असतो आणि दिसला की राखी डोकं, पांढरा गळा आणि शेपटीच्या पांढऱ्या कडा यांमुळे शंका राहत नाही. रेड-ब्रेस्टेड फ्लायकॅचर सप्टेंबरअखेरपासून बागांत येतो. त्याचा एकेकटा ‘टिक’ फसवतो, पण पाठोपाठ लाकडी ‘ट्रर्र’ येतो, तो ब्लिथ्सकडे नाही. शिंप्याची भीतीची हाक मात्र मुकाट्याने ऐकून शिकावी लागते. ती ओळखता येत नाही तोवर झुडपातली कुठलीच हाक खात्रीची नाही.

आता तुमचे तीन फोटो.

पहिला, जास्वंदीतला. पंखपट्टी नाही, भुवई डोळ्यापाशी संपलेली, चोच लांब, अंगाला बाक, शेपटीखालची पिसं लांब. ब्लिथ्स रीड. छटा तांबूस आहे म्हणून कुणी पॅडीफील्ड म्हटलं असेल, तर ते बहुधा या वर्षीचं पिल्लू आहे.

तिसरा, टेकडीवरच्या बाभळीतला. शेपूट चौकोनी, कडा फिक्या, शेपटीखालची पिसं आखूड. म्हणजे बूटेड-साइक्सचा गट नक्की. शेंड्याजवळ आहे आणि चोच लांब वाटते, त्यामुळे कल साइक्सकडे. पण खालच्या चोचीचं टोक काट्यामागे गेलंय आणि भुवईवर सावली आहे. दोन खुणांवर मी नाव देत नाही. ‘बूटेड किंवा साइक्स’ लिहा.

दुसरा, आंब्यावरचा, ज्यावर सगळ्यात जास्त वाद झाला. बरोबर खालून काढलाय. पोट हिरवट दिसतंय ते पानांमुळे. पंख दिसत नाही, डोकं पानाआड आहे. खालच्या चोचीचा मागचा अर्धा भाग मात्र स्वच्छ फिका आहे, म्हणून ह्यूम्स बाद. पुढे ग्रीनिश, ग्रीन आणि लार्ज-बिल्ड उरतात. पुण्यातली बाग आणि सप्टेंबर धरता ग्रीनिशची शक्यता कितीतरी जास्त, पण या फोटोवरून मी ‘लीफ वॉर्ब्लर’ (ग्रीनिश आणि त्याच्या भाईबंदांच्या गटाचं नाव) इतकंच लिहीन. तुम्ही म्हणता हा पक्षी त्याच आंब्यावर आठवडाभर दिसतोय. मग रविवारी पावणेसातला कॅमेरा घरी ठेवून मोबाइल घेऊन त्या आंब्याखाली वीस मिनिटं उभे राहा. ‘चि-स्ली’ दोन तुकड्यांत आली की ग्रीनिश. तीन तुकडे ऐकू आले किंवा दुसरा सूर चढत गेला, तर रेकॉर्डिंग पाठवा. ते ऐकायला मला खरोखर आवडेल.